जुने संगणक, दोन लिप्या आणि लोकांची अमानत

(कार्यकर्ते, शिक्षक आणि अभ्यासिकेतील विद्यार्थ्यांसाठी घेतलेल्या संगणक शिबिरातील भाषण)



मुक्त स्रोत सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना उपयोगी पडतील अशी ॲप्स आणि युक्त्या सांगा, असं मला आयोजकांनी सांगितलं आहे. मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. रोजचं माझं काम लिनक्सवरच चालतं. पण आज मी कंपनीतल्या कामाबद्दल बोलणार नाही. तुमच्यासमोर जे प्रश्न आहेत, त्यांच्याबद्दल बोलणार आहे. शिबिरासाठी तुम्ही जे अर्ज भरून दिलेत ते मी वाचले. त्यात तीन गोष्टी पुन्हा पुन्हा आल्या आहेत. पहिली, संगणक जुने झालेत, नवे घ्यायला पैसे नाहीत. दुसरी, आपलं काम मराठीत आणि उर्दूत, दोन्हीत चालतं आणि दोन्हीच्या फाइली कुठेतरी अडकून बसतात. तिसरी गोष्ट एका आपांनी एका ओळीत लिहिली आहे: 'मदत केंद्रात येणाऱ्या बायकांचे कागद संगणकात ठेवावेत की नाही, याची मला भीती वाटते.' ही भीती अगदी रास्त आहे. आजच्या भाषणातला मोठा भाग मी त्यासाठी राखून ठेवला आहे.

आधी मुक्त स्रोत म्हणजे काय ते दोन मिनिटांत सांगतो. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहून लोकांसाठी खुला केला. या दोन्ही कामांतून पुढे जे उभं राहिलं, त्याला आपण बोलताना नुसतं लिनक्स म्हणतो. हे सॉफ्टवेअर कोणीही वापरू शकतो, आतून कसं चालतं ते पाहू शकतो, बदलू शकतो आणि दुसऱ्याला देऊ शकतो. त्यातलं बहुतेक फुकट मिळतं, पण आपल्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट अशी की आपल्या कामाच्या किल्ल्या आपल्याकडे राहतात. केरळच्या सरकारी शाळांमध्ये बरीच वर्षं मुलं याच सॉफ्टवेअरवर संगणक शिकत आली आहेत. आपल्याकडे सी-डॅकने बॉस नावाची भारतीय लिनक्स प्रणाली तयार केली आहे. त्यामुळे हे फक्त इंजिनिअर लोकांचं खूळ आहे, असं समजू नका.

आता जुन्या संगणकांकडे येऊ. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. याचा अर्थ संगणक बंद पडेल असा नाही. तो चालतच राहील, पण नव्याने सापडणारी सुरक्षेची भोकं नेहमीसारखी बुजवली जाणार नाहीत. विंडोज ११ घालायचं तर टीपीएम २.० नावाची चिप लागते आणि प्रोसेसरही ठरावीक पिढीच्या पुढचा लागतो. साधारण २०१८ च्या आधीचे बहुतेक लॅपटॉप त्यात बसत नाहीत. मग लोक काय करतात? गल्लीतल्या दुकानातून चोरीची प्रत टाकून घेतात. परवाना मोडायचं बेकायदा 'ॲक्टिव्हेटर' ज्या संकेतस्थळावरून येतं, तिथून त्याच्याबरोबर आणखी काय आलं हे त्या दुकानदारालाही माहीत नसतं. घरच्या संगणकावरही हे करू नये. लोकांचे कागद ज्या संगणकावर आहेत, त्यावर तर अजिबात नको.

अशा जुन्या लॅपटॉपसाठी मी लिनक्स मिंट सुचवतो. चार जीबी रॅम असेल तर त्याची एक्सएफसीई आवृत्ती घ्या, आठ असेल तर सिनॅमन घ्या. खाली मेनू, बाजूला घड्याळ, विंडोजवरून येणाऱ्या माणसाला फारसं बिचकायला होत नाही. पण लगेच इन्स्टॉल करू नका. मिंटची फाइल त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवा, पेनड्राइव्हवर लिहा आणि संगणक पेनड्राइव्हवरून सुरू करा. हार्डडिस्कला हात न लावता सगळी प्रणाली त्यावरून चालते. तिथे चार गोष्टी तपासा: वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर कागद काढतो का, झाकण बंद करून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का. चारही जमल्या तरच पुढे जा, आणि त्याआधी जुन्या सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर काढून घ्या.

पैसे खर्च करायचेच असतील तर कुठे करावेत? जुनी फिरती हार्डडिस्क काढून तिथे एसएसडी बसवा. सॉफ्टवेअर बदलून जितका फरक पडतो, त्याहून जास्त फरक यामुळे पडतो. सुरू व्हायला पाच मिनिटं घेणारा लॅपटॉप अर्ध्या मिनिटात सुरू झालेला मी पाहिला आहे.

लिनक्सवर काय चालत नाही, तेही सांगायला हवं. टॅली, ऑटोकॅड, फोटोशॉप यांच्या लिनक्ससाठी आवृत्त्या नाहीत. डिजिटल सहीच्या काही टोकनांची आणि काही सरकारी कामांची सॉफ्टवेअर विंडोजच मागतात. म्हणून ज्या कार्यालयात चार संगणक आहेत, तिथे हिशेबाचा एक संगणक परवाना घेतलेल्या विंडोजवर ठेवा आणि बाकीचे तीन लिनक्सवर न्या. यात काही कमीपणा नाही. मी आता जी ॲप्स सांगणार आहे, त्यातली बरीचशी विंडोजवरही चालतात. लिबरऑफिस, फायरफॉक्स, कीपासएक्ससी, व्हेराक्रिप्ट, व्हीएलसी हे सगळं आज घरी जाऊन विंडोजवरच सुरू करता येईल.

दुसरा मुद्दा भाषेचा. आपल्याकडे पंचवीस-तीस वर्षांची पत्रकं, निवेदनं, अहवाल आहेत. त्यातली बरीच मराठी फाइल जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आहे. तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. कारण संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नाहीच, इंग्रजी अक्षरांना मराठी चित्रं चिकटवलेली आहेत. उर्दूच्या जुन्या फाइलींची गत वेगळी नाही. ज्या सॉफ्टवेअरमध्ये त्या बनवल्या, त्याशिवाय त्या नीट उघडत नाहीत. जोवर जुना संगणक चालू आहे, तोवर प्रत्येक फाइलची पीडीएफ काढून ठेवा. किमान वाचता तरी येईल. मग महत्त्वाचा मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणा, आणि माणसांची नावं, तारखा, आकडे डोळ्यांनी पुन्हा तपासा. परिवर्तक सगळ्यात जास्त चुका जोडाक्षरांत करतो, आणि आपल्या नावांत जोडाक्षरं कमी नाहीत.

यापुढे जे टाइप कराल ते युनिकोडमध्येच करा. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कळफलक शिका. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, अशी त्याची मांडणी आहे. आठ-दहा दिवस बोटं अडखळतात, नंतर वेग येतो. शिवाय हिंदी, गुजराती, कन्नड यांचीही मांडणी तीच असल्यामुळे एकदा शिकलेलं सगळीकडे चालतं. ज्यांना इंग्रजी अक्षरांवरूनच टाइप करायचं आहे, त्यांच्यासाठी ध्वनीनुसार चालणारे कळफलकही लिनक्समध्ये आहेत. उर्दूसाठी 'उर्दू फोनेटिक' निवडा. उबुंटूत सुपर ही कळ आणि स्पेसबार एकत्र दाबली की भाषा बदलते. मिंटमध्ये कळफलकाच्या सेटिंगमध्ये जाऊन आपल्याला सोयीची कळ ठरवता येते.

आता दोन बारीक गोष्टी, ज्यांनी शोधाशोध फार सोपी होते. मराठीत 'दर्या' आणि 'दऱ्या' हे वेगळे शब्द आहेत. 'दऱ्या'मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन पद्धतींनी लिहिला जातो. दिसायला दोन्ही सारखे, पण एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला तर सापडेलच असं नाही. 'ॲड.' मधल्या ॲ चंही तसंच. उर्दूत हा घोळ ये आणि काफ या अक्षरांत होतो. अरबी कळफलकावरचं ये वेगळं आणि उर्दू कळफलकावरचं वेगळं. एकाने अरबी कळफलकावर टाइप केलं, दुसऱ्याने उर्दू कळफलकावर शोधलं, की 'नाव यादीत नाही' असं उत्तर येतं. नाव असतं यादीत. म्हणून कार्यालयातल्या सगळ्यांनी एकच कळफलक वापरायचा, हे बैठकीत ठरवून टाका. यासाठी काहीही खर्च येत नाही.

लेखनासाठी लिबरऑफिस. त्याचे मेनूही मराठीत करता येतात. एकाच पानावर मराठी आणि उर्दू हवं असेल, तर पर्यायांमधल्या भाषेच्या विभागात 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू करा. मग उर्दूच्या परिच्छेदात कर्सर ठेवून कंट्रोल, शिफ्ट आणि डी दाबलं की परिच्छेद उजवीकडून सुरू होतो. कंट्रोल, शिफ्ट आणि ए दाबलं की पुन्हा डावीकडून. बरेच जण उर्दू मजकूर फक्त उजव्या कडेला सरकवतात आणि पूर्णविराम भलतीकडे गेला म्हणून वैतागतात. कडेला सरकवणं आणि दिशा बदलणं ही दोन वेगळी कामं आहेत. फॉन्ट म्हणाल तर उर्दूसाठी नोटो नस्तालिक उर्दू आहे. त्याला ओळींमध्ये जागा थोडी जास्त द्यावी लागते. मराठीसाठी मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्ता आहे. दोन्ही मुक्त आहेत, छापील अंकातही निर्धास्त वापरा.

त्याच लिबरऑफिसमध्ये प्रिंट करताना 'ब्रोशर' नावाचा पर्याय मिळतो. आठ पानांची पुस्तिका दोन कागदांवर पाठपोट छापून मधोमध घडी घातली की पानं आपोआप क्रमाने लागतात. पत्रक काढणाऱ्यांना याचा रोज उपयोग आहे. पोस्टरसाठी इंकस्केप, फोटो नीट करायला गिंप, सभेचं ध्वनिमुद्रण साफ करायला ऑडॅसिटी, व्हिडिओ कापायला केडेनलाइव्ह. यातल्या प्रत्येकावर एकेक शिबिर होईल, म्हणून आज फक्त नावं सांगतो.

आता कागदांकडे येऊ. आपल्याकडे येणारा माणूस कागदांची पिशवी घेऊन येतो. रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, निकाहनामा, जमिनीचा उतारा. एका कागदावर 'शेख', दुसऱ्यावर इंग्रजीत त्याचं वेगळंच स्पेलिंग, तिसऱ्यावर वडलांचं नाव अर्धवट. हे कागद स्कॅन करून नीट नावं देऊन ठेवले, तर अर्धं काम तिथेच होतं. मिंटमध्ये आणि उबुंटूत 'डॉक्युमेंट स्कॅनर' नावाचं साधं ॲप मिळतं. तीनशे डीपीआयवर स्कॅन करा. फाइलला नाव देताना तारीख पुढे ठेवा: वर्ष, महिना, दिवस, मग कागदाचा प्रकार. म्हणजे यादी आपोआप काळाच्या क्रमाने लागते. आणि फाइलच्या नावात बाईचं नाव घालू नका, केस क्रमांक घाला. असं का, ते पुढे सांगतो.

स्कॅन केलेल्या चित्रातून मजकूर काढायचा असेल तर टेसरॅक्ट आहे. ह्युलेट-पॅकार्ड कंपनीत १९८० च्या दशकात सुरू झालेलं हे काम २००५ साली मुक्त झालं. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांच्या फाइली त्यासाठी मिळतात. त्या वेगळ्या टाकाव्या लागतात. थेट टेसरॅक्ट वापरणं अवघड वाटलं तर जीइमेजरीडर घ्या. त्यात पान उघडायचं, भाषा निवडायची आणि बटण दाबायचं. स्वच्छ छापलेल्या मराठी पानाचा मजकूर चांगला येतो. हस्ताक्षराची अपेक्षा ठेवू नका. नस्तालिकमध्ये छापलेल्या उर्दूवर बऱ्याच दुरुस्त्या कराव्या लागतात, त्यासाठी उर्दू वाचणारा माणूस शेजारी हवाच. हे काम अभ्यासिकेतल्या मुलांनी आजी-आजोबांबरोबर बसून करावं, असं मी सुचवतो. एकाला टाइप करता येतं, दुसऱ्याला वाचता येतं.

आता त्या आपांच्या भीतीबद्दल.

मदत केंद्रात आलेली बाई स्वतःबद्दल जे सांगते, ते तिने शेजारणीलाही सांगितलेलं नसतं. नवऱ्याने काय केलं, दागिने कुठे गेले, ती सध्या कोणाकडे राहते, मुलं कोणत्या शाळेत आहेत. यातली राहत्या घराच्या पत्त्याची एक ओळ चुकीच्या माणसाच्या हाती गेली, तर तिच्या जिवावर बेतू शकतं. आपण याला 'डेटा' म्हणतो, पण आपल्या घरांत यासाठी जुना शब्द आहे, अमानत. दुसऱ्याने विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. आपण लोकांच्या हक्कांसाठी निवेदनं देतो, तर आपल्या कपाटातल्या लोकांचा हा हक्क आपणही जपला पाहिजे.

धोका नेमका कुठून येतो ते आधी समजून घ्या. सिनेमात दाखवतात तसा हॅकर आपल्या मागे लागणार नाही. लॅपटॉप रिक्षात विसरतो. दुरुस्तीला दिलेला संगणक दुकानात चार दिवस पडून असतो. केंद्रातला पेनड्राइव्ह कोणाचा तरी भाऊ गाणी भरायला घरी नेतो. जुना संगणक भंगारात विकला जातो. विंडोजचा किंवा लिनक्सचा लॉगिन पासवर्ड इथे पुरत नाही. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की सगळं वाचता येतं. फाइल डिलीट करून कचरापेटी रिकामी केली, तरी ती परत मिळवता येण्याची शक्यता राहते.

यावर उपाय म्हणजे एन्क्रिप्शन. मिंट इन्स्टॉल करतानाच पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करण्याचा पर्याय येतो, तो निवडा. संगणक सुरू होताना तो एक सांकेतिक वाक्य विचारतो. ते वाक्य माहीत नसेल तर डिस्कवर फक्त अर्थहीन आकडे दिसतात. मात्र हे संरक्षण संगणक पूर्ण बंद असतानाच मिळतं. नुसतं झाकण मिटून लॅपटॉप उचलू नका, तो बंद करा. पेनड्राइव्हसाठी आणि विंडोज संगणकासाठी व्हेराक्रिप्ट वापरा. त्यात एक बंद पेटी तयार होते. ती उघडली की साध्या ड्राइव्हसारखी दिसते, मिटली की नुसती एक फाइल. केसचे सगळे कागद त्या पेटीत ठेवायचे. आणि पेटी न उघडताही बाहेर काही दिसू नये, म्हणून फाइलच्या नावात बाईचं नाव नको, असं मघाशी म्हटलं.

पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेले असतात. ते कीपासएक्ससीमध्ये ठेवा. हे ॲप पासवर्ड आपल्याच संगणकावरच्या कुलूपबंद फाइलमध्ये ठेवतं, कोणाच्या सर्व्हरवर पाठवत नाही. मग तुम्हाला एकच मुख्य वाक्य लक्षात ठेवायचं. एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द घ्या. मुलाचं नाव आणि जन्मसाल नको, ते मोहल्ल्यात सगळ्यांना पाठ असतं. एक इशारा मात्र गंभीरपणे देतो. हे वाक्य विसरलात तर मी, तुम्ही, ज्याने हे सॉफ्टवेअर लिहिलं तो, कोणीही पेटी उघडू शकत नाही. म्हणून ते वाक्य कागदावर लिहून, लिफाफ्यात बंद करून, दोन जबाबदार व्यक्तींनी दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावं.

वकिलाला किंवा पत्रकाराला कागद पाठवताना नावं झाकावी लागतात. इथे एक चूक सर्रास होते. नावावर काळा रंग ओढतात आणि पीडीएफ करतात. काळ्या पट्टीखालचा मजकूर निवडून दुसरीकडे चिकटवला की नाव जसंच्या तसं वाचता येतं. लिबरऑफिसच्या टूल्स मेनूत 'रिडॅक्ट' आहे, ते वापरा. त्यात पट्टी मारून निर्यात केलं की पानांची चित्रं बनतात आणि खालचा मजकूर राहतच नाही. तयार झालेली पीडीएफ पाठवण्याआधी स्वतः उघडा, पट्टीखालचं नाव शोधून पाहा. तसंच प्रत्येक फाइलच्या आत लेखकाचं नाव आणि बदलांच्या नोंदी राहतात. पर्यायांमधल्या सुरक्षेच्या विभागात 'साठवताना वैयक्तिक माहिती काढून टाका' अशा अर्थाची खूण आहे, ती करून ठेवा.

आणि एक गोष्ट कोणतंही ॲप करणार नाही. जे लागणार नाही ते विचारू नका, जे लागलं पण आता लागत नाही ते ठेवू नका. समुपदेशनाच्या अर्जात जातपोटजातीचा रकाना कशाला आहे, हे एकदा बैठकीत विचारा. उत्तर आलं नाही तर रकाना काढून टाका.

एवढं सगळं जपलं आणि डिस्कच जळाली तर? म्हणून बॅकअप. मिंटमध्ये टाइमशिफ्ट नावाचं ॲप असतं. ते प्रणालीचे क्षणचित्र घेतं. एखाद्या अपडेटने बिघाड झाला तर कालच्या स्थितीत परत जाता येतं. पण ते तुमच्या फाइली जपत नाही, हे नीट लक्षात घ्या. फाइलींसाठी वेगळं ॲप हवं. उबुंटूत देजा द्यूप आहे, मिंटमध्ये स्वतःचं बॅकअप साधन आहे. नियम साधा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. बाहेरची डिस्कही एन्क्रिप्ट केलेलीच हवी, नाहीतर समोरच्या दाराला कुलूप आणि मागचं दार उघडं. महिन्यातून एकदा बॅकअपमधली एखादी फाइल परत काढून पाहा. जो बॅकअप कधी उघडून पाहिला नाही, त्याच्या भरवशावर राहू नका.

अभ्यासिका चालवणाऱ्यांसाठी तीन ॲप्स. पहिलं किविक्स. यात विकिपीडिया पूर्ण उतरवून इंटरनेटशिवाय वाचता येतो. मराठी, उर्दू, इंग्रजी, हवा तो. जिथे दहा मुलं एका मोबाइलच्या हॉटस्पॉटवर अभ्यास करतात, तिथे हे लावाच. दुसरं स्टेलॅरियम, म्हणजे संगणकातलं आकाश. आपलं गाव आणि तारीख टाका, सूर्यास्तानंतर पश्चिमेकडे पाहा. नवा चंद्र क्षितिजापासून किती वर आहे, किती वेळात मावळणार, सगळं दिसतं. रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी गच्चीवर जाण्याआधी मुलांना हे दाखवा. चंद्र दिसला की नाही हा निर्णय ॲप देणार नाही, तो वाद ज्यांचा त्यांनी सोडवावा. पण चंद्र कुठे पाहायचा आणि एका शहरात दिसतो तो दुसऱ्या शहरात का दिसत नाही, हे मुलांना भूमितीतून समजेल. तिसरं ऑर्का. दृष्टिहीन विद्यार्थ्यांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं हे साधन अनेक लिनक्स प्रणालींत आधीच असतं. त्यामागचा ईस्पीक एनजी हा आवाज मराठी आणि उर्दू दोन्ही वाचतो. आवाज यंत्रासारखा आहे, पण सवय होते.

आता रोजच्या कामातल्या छोट्या युक्त्या. माउसने मजकूर निवडा आणि दुसरीकडे माउसचं मधलं चाक दाबा, मजकूर तिथे उमटतो. बहुतेक लिनक्समध्ये ही सोय आहे आणि कंट्रोल-सीमध्ये ठेवलेला मजकूर त्यामुळे पुसला जात नाही. एकाच वायफायवरच्या दोन मिंट संगणकांत फाइल पाठवायला वॉर्पिनेटर वापरा, पेनड्राइव्हची ने-आण थांबेल. मोबाइलमधले फोटो संगणकावर घ्यायला केडीई कनेक्ट. पीडीएफची पानं पुढे-मागे करायला, दोन पीडीएफ जोडायला पीडीएफ अरेंजर. अशा कामासाठी निकाहनामा किंवा वैद्यकीय अहवाल अनोळखी संकेतस्थळावर चढवू नका, तो कुणाच्या सर्व्हरवर राहतो हे आपल्याला कळत नाही. फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन घाला. जाहिराती जातात, जुना संगणक हलका होतो आणि 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे' असं ओरडणारी पानं कमी येतात.

ॲप नेहमी सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनच घ्या. तिथे नसेल तर अनुभवी माणसाला विचारा. आणि टर्मिनलबद्दल एकच नियम: कोणीतरी पाठवलेली आज्ञा, ती काय करते हे कळल्याशिवाय चिकटवायची नाही. 'सुडो' या शब्दाने सुरू होणारी आज्ञा म्हणजे त्या माणसाला घराची किल्ली देणं. लिनक्सवर व्हायरस येतच नाही, असं सांगणारे भेटतील. कमी येतात हे खरं. पण आपणच दार उघडलं तर प्रणाली काही करू शकत नाही. अपडेटची खूण दिसली की त्याच दिवशी अपडेट करा.

शेवटी, हे सगळं एकदम करू नका. या आठवड्यात प्रत्येक केंद्राने दोन कामं करावीत. एक, सगळ्यांनी मिळून एक मराठी आणि एक उर्दू कळफलक ठरवावा. दोन, केसच्या फाइली सध्या कुठेकुठे पडल्या आहेत, त्यांची यादी करावी. कोणत्या संगणकात, कोणत्या पेनड्राइव्हवर, कोणाच्या मोबाइलमधल्या व्हॉट्सॲपमध्ये. ही यादी बहुधा लांब निघेल. पुढच्या आठवड्यात ते सगळं एका एन्क्रिप्ट केलेल्या जागी आणा, त्याचा बॅकअप घ्या आणि तो नीट उघडतो याची खात्री झाल्यावरच बाकीच्या प्रती काढून टाका. मिंट वगैरे त्यानंतर, एका वेळी एक संगणक.

ज्या आपांनी तो प्रश्न लिहिला, त्यांना माझं उत्तर असं: ठेवा. संगणकात कागद ठेवले तर पाच वर्षांनी पोटगीच्या दाव्यात तारीख लागली की ती सापडेल. पूर आला, वाळवी लागली तरी कागद वाचतील. फक्त कुलूप लावल्याशिवाय ठेवू नका, आणि किल्ली कोणाकडे आहे हे त्या बाईलाही सांगा. तिची गोष्ट आहे, तिला विचारण्याचा हक्क आहे.

माझं बोलणं संपलं. मागच्या टेबलावर मिंटचे चार पेनड्राइव्ह ठेवले आहेत. ज्यांनी लॅपटॉप आणले आहेत त्यांनी चहानंतर तिथे यावं, त्या चार गोष्टी आपण तिथेच तपासून पाहू.